हिरामामावर लेखी आरोप नव्हता

हिरामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोळिंजच्या आमच्या सोसायटीत, जिन्यातच उभी राहून सेक्रेटरीशी भांडत होते. लिफ्ट तीन दिवस बंद होती आणि तो मला “माणूस येतोय” एवढंच सांगत होता. तेवढ्यात मामेभावाचा, प्रकाशचा फोन. “वंदूताय, बाबा गेला.” मी विचारलं, “कुठे गेला?”... खरंच असं विचारलं मी. सकाळी चहा प्यायला, मामीला म्हणाला जरा पडतो, आणि पडला तो उठलाच नाही. मी तिथेच पायरीवर बसले. ज्याच्याशी भांडत होते त्याच सेक्रेटरीने माझी पर्स उचलली, गाडी काढली आणि मला पार चांदीपला मामाच्या दारात नेऊन सोडलं. माणूस वाईट नाही. लिफ्टचं तेवढं त्याला जमत नाही.

दुसरा फोन आठव्या दिवशी आला, दहावासुद्धा व्हायचा होता. “मॅडम, तुम्ही हिरामणजींच्या भाची ना? ऐकून फार वाईट वाटलं.” आवाज तरुण, गोड, शिकवून तयार केलेला. शहरातल्या ज्या मोठ्या स्टेडियमवर मामाने उमेदीची सगळी वर्षं खेळपट्टी बनवली, जिथे देशोदेशीच्या टीम येऊन खेळतात, तिथून फोन होता. स्टेडियमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हा लेख छापून येणार नाही, आणि मला तो छापून यायला हवा आहे. प्रकाशने माझा नंबर दिला होता, कारण असल्या लोकांशी बोलायला आमच्या घरात मीच. तर म्हणे हिरामणजी! त्या इमारतीत अख्ख्या हयातीत मामाला कुणी ‘जी’ लावला नाही. “ए माळी” हेच त्याचं नाव. मेल्यावर आठ दिवसांत जी लागला, वा रे वा! म्हणे स्टेडियमच्या इतिहासाचं एक दालन उघडताहेत, त्यात पडद्यामागे राबलेल्या माणसांची एक भिंत आहे, आणि त्या भिंतीसाठी मामाचा एक हसरा फोटो हवा आहे. शक्यतो काम करतानाचा.

मी म्हटलं, “तो तुमच्याकडेच असेल की. ज्या फोटोवरून त्याला हाकललंत, त्यात तो हसतोच आहे.” मग तोच गोड आवाज, “मॅडम, तो विषय आता जुना झाला.” मी फोन ठेवला. पुढची पोळी इतकी दाबून लाटली की ती पोळपाटालाच चिकटली. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मामा गोडच होता, त्याच्याबद्दल मी तसं लिहीनही. बाकीच्यांबद्दल गोड लिहायला मात्र मला कुणी सांगू नये.

चांदीप हे माझं आजोळ. वसईच्या पूर्वेला, भातशेतीचं गाव. पश्चिमेकडच्या लोकांना वाटतं वसई म्हणजे वटारकडच्या वाड्या, केळी आणि फुलं. इकडे आमच्याकडे काळी चिकण माती आणि भात. भात कापून झालं की झोडणीसाठी अंगणात खळं करतात. जागा खरवडायची, पाणी शिंपडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, मग चोपण्याने म्हणजे लाकडाच्या जड थापीने ती जमीन इंचाइंचाने ठोकायची आणि वरून शेणाने सारवायचं. खळं असं व्हायला हवं की त्यावर पडलेला भाताचा दाणा मातीत रुतता कामा नये आणि सुकल्यावर एक भेग दिसता कामा नये. मामा दहा-बारा वर्षांचा असल्यापासून गावात खळ्यासाठी त्यालाच बोलवायचे. तो बोटाच्या पेराने जमीन ठोकून बघायचा, दारावर टकटक करावी तशी. “आयक,” म्हणायचा मला, “हितं ठक बोलते, हितं बद बोलते. बद बोलते तिथं पोट खाली हाय.” म्हणजे तिथे जमीन आतून पोकळ. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. मी मान डोलवायची.

आणि खळ्याचे नियम. चप्पल घालून कुणी पाय ठेवायचा नाही, घरचा असो की पाटील. दुसरा नियम त्याहून मोठा. खळ्यावर अनवाणी चालत आलेला माणूस, ओळखीचा असो नसो, रिकाम्या हाताने परत पाठवायचा नाही. सूपभर नाही तर ओंजळभर भात त्याच्या पदरात पडलंच पाहिजे. आजी सांगायची, खळ्यावरनं कुणी तसाच गेला तर पुढच्या साली जमीन फाटते. आम्ही मुलं मुद्दाम चारदा जायचो आणि आजीचे धपाटे खायचो. हा नियम वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा, कारण माझ्या मामाचा घात याच नियमाने केला.

स्टेडियमवर तो गेला तो क्रिकेटसाठी नाही, खणायला गेला. मैदान नव्याने घालायचं होतं म्हणून एका मुकादमाने पूर्वेच्या गावांतून माणसं नेली. त्यात हा. तिथले मुख्य माळी म्हातारे होते. रोलर न फिरवता हा पोरगा वाफ्याचा कोपरा थापीने ठोकतोय आणि कान लावतोय हे त्यांनी पाहिलं, आणि काम संपल्यावर बाकीची माणसं परत पाठवून याला ठेवून घेतलं. मामा आठवडाभर तिथेच राहायचा, सुट्टीला चांदीपला यायचा. येताना अंगाला ओल्या गवताचा वास. मामी म्हणायची, “म्हशीच्या गोठ्यातनं आल्यासारका येतो, आनि बोलतो साहेबांच्या हापिसात हाय.”

त्या स्टेडियमचा इतिहास त्यांनी आता काचेच्या दालनात मांडलाय म्हणे. मला तो मामाकडून कळला, आणि मामा तो खालून वर सांगायचा. “पैलं खाजन. समुद्राचं पानी यायचं हितवर. त्याच्यावर शहरातल्या पडक्या घरांचा राडा. मग दगड, मग खडी, मग रेती, मग लाल माती. आनि मधोमध बावीस यार्ड आपली काळी.” आपली म्हणजे कुणाच्या तरी भातखाचरातून ट्रकने आणलेली, चांदीपसारखीच. आधी नुसतं कुंपण आणि तंबू होते, मग लाकडी बाकं आली, मग सिमेंटचे तीन मजले, मग दिव्यांचे खांब, मग वर काचेच्या थंडगार खोल्या, जिथून लोक जेवता जेवता क्रिकेट बघतात. स्टेडियम जसजसं वाढत गेलं तसतशी मामाची खोली लहान होत गेली. पहिल्यांदा ती पूर्वेच्या स्टँडखाली होती, खिडकीवाली. मजले चढले तेव्हा ती पंपाच्या मागे गेली. काचेच्या खोल्या आल्या तेव्हा ती गेट नंबर चारच्या मुतारीला चिकटून एक पत्र्याचं खोकं झाली. हा इतिहास त्या भिंतीवर येईल का? डोंबल येईल!

मी सातवीत असताना एकदा मामाने मला तिथे नेलं. मॅच नव्हती. एवढं मोठं स्टेडियम मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही पूर्ण रिकामं. हजारो खुर्च्या, आणि एकीवरही माणूस नाही. मला भीती वाटली. मामाने पूर्वेचा घड्याळाचा मनोरा दाखवला आणि त्या मनोऱ्याला शिव्या घातल्या. कारण चहाच्या वेळेनंतर उलट्या उन्हात... नाही, मीच चुकले, पश्चिमेच्या छपराची सावली चहानंतर पडायची, मनोऱ्याची पडायची सकाळी. सकाळी दव सुकायच्या वेळेला नेमकी ती सावली विकेटच्या एका टोकावर बसायची, म्हणून त्या टोकाला तो आदल्या दिवशी एक झारी पाणी कमी द्यायचा. “हे कुनी सांगितलं तुला?” मी विचारलं. “कोन सांगनार? माती सांगते.” उन्हाळ्यात जुन्या खाजणातलं मीठ वर फुटायचं, पांढरी बुरशी आल्यासारखं. ते तो गोड्या पाण्याने धुऊन धुऊन खाली बसवायचा. मी खेळपट्टीकडे धावले तशी त्याने दंड पकडला. “चप्पल.” मी चप्पल काढली. त्यानेही कडेला काढली होती. बाकीचे माळी बूट घालूनच फिरत होते. मग मी म्हटलं, मामा, तिकडे वर जाऊन बसू ना, खुर्चीत. तो म्हणाला, तू बस. मी वर जाऊन बसले आणि तो खाली उन्हात उभा राहून मला हात करत होता. इतक्या वर्षांत तो त्या खुर्च्यांत एकदाही बसला नाही. पास मागितला असता तर मिळाला असता की नाही कोण जाणे. तो मागणाऱ्यातला नव्हता, आणि न मागता देणारं तिथे कुणी नव्हतं.

आमच्याकडे टीव्हीवर मॅच लागली की चांदीपच्या घरात वेगळाच प्रकार. अख्खा देश बॅट्समनकडे बघायचा, आम्ही जमिनीकडे. चेंडू उडाला की मामी ओरडायची, “अरे, खड्डा हाय का काय तिथं?” आणि पावसाचे दोन थेंब पडले की सगळ्यांत जास्त आनंद आम्हाला, कारण कव्हर ओढायला माळी मैदानात धावणार. “तो बघ, तो बघ, मधला!” पाठमोरा, वाकलेला, अर्ध्या मिनिटापुरता दिसायचा. मामी पदर सावरून बसायची, जणू तोही तिला बघतोय. कॉमेंट्री करणारे म्हणायचे, काय सुंदर विकेट आहे. कुणी केली ते कधी म्हणाले नाहीत. विकेट बिघडली की मात्र लगेच माळी आठवायचा.

आता त्या मॅचबद्दल. पाच दिवसांची कसोटी होती. आपल्याकडे फिरकी चांगली, म्हणून वरून हुकूम आला की चार दिवस आधीच पाणी तोडा. मामाने हात जोडून सांगितलं, “साहेब, तिसऱ्या दिवशी ढेकळं निघतील.” साहेब म्हणाले, निघू दे, आपल्याला तेच पाहिजे. मामाने पाणी तोडलं. ते त्याला किती लागलं असेल ते शेतकऱ्याला सांगायला नको. उभ्या पिकाचं पाणी तोडल्यासारखंच ते. मॅचच्या दोन दिवस आधी पाहुण्या टीमची माणसं विकेट बघायला आली. त्यात एक पांढऱ्या केसांचा म्हातारा होता, त्यांच्या कोचचा मदतनीस. बाकीचे स्पाइकचे बूट घालून कडेकडेने फिरत होते. हा म्हातारा कडेला आला, थांबला, खाली बसून बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी आत आला.

एवढ्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. आपल्या देशाच्या कप्तानांनी नाही, साहेबांनी तर नाहीच. मामाने मला हे सांगताना स्वतःच्या पायांकडे बघत सांगितलं होतं. “गोरे गोरे पाय, गो. पन कसा ठेवत होता... मातीला दुखंल असं वाटत होतं त्याला.” तो म्हातारा मामाच्या शेजारी उकिडवा बसला, अंगठा दाबला आणि मामाकडे बघून नुसत्या भुवया वर केल्या. ना याला त्याची भाषा, ना त्याला याची. आणि माझ्या मामाने काय केलं? त्याचा हात धरला, बोटाचं पेर जमिनीवर टेकवलं, आणि त्याला ठक आणि बद ऐकवलं. म्हाताऱ्याला पहिल्याच फटक्यात कळलं. मला जन्मात कळलं नाही ते त्या परक्या माणसाला कळलं! दोघंही हसले. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

आता मला सांगा, यात गुपित काय होतं? पाणी तोडलेली, करड्या रंगाची, भेगा पडायला टेकलेली ती विकेट डोळे असणाऱ्या कुणालाही स्टँडमधून दिसत होती. पाहुण्यांनी टॉस जिंकला, पहिली बॅटिंग घेतली, जी कुणीही घेतली असती. तिसऱ्या दिवशी ढेकळं निघाली, जी निघणार हे मामाने साहेबांना आधीच सांगितलं होतं. आणि त्या ढेकळांवर शेवटी बॅटिंग करायची पाळी आली आपल्यावर. आपण हरलो. दुसऱ्याच्या वाटेत काटे पेरले आणि स्वतःच अनवाणी चाललो, यात माळ्याचा काय दोष? पण हरलेल्या साहेबांना कुणीतरी लागतं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात तो फोटो आला. परक्याचा हात हातात धरून हसणारा माळी. खाली काय लिहिलं होतं ते मी इथे परत लिहिणार नाही.

मामाला एका खोलीत बोलावलं. तिथे तीन-चार माणसं बसली होती. विचारलं, त्याला काय सांगितलंस? मामाने सांगितलं, जे होतं ते सांगितलं. का सांगितलंस? “साहेब, तो अनवानी आला होता.” हसले म्हणे सगळे. कल्पना करा. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर माणूस आपली एकुलती एक बाजू मांडतोय आणि समोरचे हसताहेत. त्यांना काय माहीत खळं, त्यांना काय माहीत ओंजळ! गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. चौकशी नाही, कागद नाही, काही नाही. पत्र्याच्या खोक्यातून त्याने आपली थापी आणि दोन शर्ट घेतले आणि तो चांदीपला आला. मामी सांगते, दोन दिवस तो शेताच्या बांधावर बसून होता, जेवायला उठायचा आणि परत जाऊन बसायचा.

पुढची सगळी वर्षं गावाने त्याची टर काढली. लग्नाच्या मांडवात कुणीतरी हटकून म्हणायचं, “काय हिरा, औंदा कुनाला विकलीस मॅच?” आणि बाकीचे खीखी करायचे. मामाही हसायचा. त्या हसण्याचा मला इतका संताप यायचा! मी म्हणायचे, वकील करू, पेपरात लिहू, त्या साहेबाच्या दारात जाऊन बसू. मी शाळेत शिकवते, चार ओळी नीट लिहिता येतात, आवाज मोठा आहे, आणखी काय लागतं? तो म्हणायचा, “नको गो. कोनाकोनाचं तोंड धरशील?” त्याला एकच हवं होतं, आणि तेही त्याने फक्त मामीला बोलून दाखवलं होतं. ज्या माणसांनी त्या खोलीत त्याला बसवून विचारलं होतं, त्यांतल्या एकाने तरी मरायच्या आधी म्हणावं की हिरामण विकला गेला नव्हता. बस्स. मरायच्या आधी. ते त्याच्या मरायच्या आधी काही झालं नाही.

आणि मेल्यावर ही माणसं आली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, पांढऱ्या गाडीतून. दोघे जण. एक त्या फोनवरचा तरुण, दुसरा पन्नाशीचा, सफारीतला. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह, ज्यावर स्टेडियमचं चित्र कोरलेलं. प्रकाश खुर्च्या आणायला धावला. तो बापावर गेलाय. मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, “शाल नंतर. आधी एक ओळ लेखी द्या.” सफारीवाल्याने विचारलं, कसली ओळ? “हिरामणने संघाशी कोणतीही बेइमानी केली नव्हती. एवढंच. तुमच्या कागदावर, सहीशिक्क्यासकट. ती आम्ही फ्रेम करून लावू, आणि मग तुमच्या भिंतीला लागेल तेवढे फोटो घेऊन जा.”

त्याने गंभीरपणे मान हलवली, जसा एखादा समजूतदार डॉक्टर हलवतो. आणि म्हणाला, “ताई, तुमच्या भावना समजतात. पण लेखी कसं देणार? त्यांच्यावर लेखी आरोप तरी कुठे होता?”

वाचलंत ना? परत वाचा. आरोप लेखी नव्हता, म्हणून सुटकाही लेखी नाही. तोंडाने माणूस मारायचा आणि कागद मागितला की म्हणायचं, आम्ही कुठे काय लिहिलंय! मला काय झालं मला माहीत नाही. मी त्या माणसाला जे बोलले ते या पुरवणीत छापता येणार नाही. सात पिढ्या काढल्या. शेजारची माणसं कुडापाशी गोळा झाली. “उचला ती काच आणि चालते व्हा,” म्हटलं, “आणि त्या भिंतीवर माझ्या मामाचा नखाएवढा फोटो दिसला तर तिथे येऊन भिंत फोडीन.” तरुण पोरगा खरंच घाबरला. सफारीवाला शांतपणे शाल घडी करत होता. गाडी गेली, मागे धूळ उडाली, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं एकदाचं बाहेर पडलं. मामासाठी कुणीतरी बोललं शेवटी, आणि ती मी होते.

मामी एवढा वेळ ओटीवर वाल सोलत बसली होती. तिने मान वर केली नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, घामाघूम. ती म्हणाली, “झालं बोलून?”

“अजून बोलायचं होतं.”

“त्यांना तू बोललीस. बरं केलंस.” एक शेंग सोलून झाली. “पन वंदू, तुला कोन बोलंल?”

“मी काय केलं?”

“काय नाय. तू पन इचारलं होतंस ना त्याला एकदा.”

आणि मला आठवलं. म्हणजे विसरले नव्हते, पण कधी काढून बघितलं नव्हतं. तो फोटो पेपरात आला त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. नोकरी गेल्यावर मामा दर रविवारी आमच्याकडे बोळिंजला यायला लागला होता, वालाच्या शेंगा, मुळा, कधी नव्या भाताचे तांदूळ घेऊन. तो पहिला रविवार होता. आदल्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी तो पेपर माझ्यासमोर टाकला होता आणि मी काही बोलू शकले नव्हते. ती जळजळ डोक्यात होती. मामा उन्हातून चालत आला होता. मी पाणी आणलं. त्याने पेला उचलला, आणि मी म्हटलं, “मामा, मला खरं सांग. त्या माणसाने तुला काही दिलं नव्हतं ना?”

त्याने पेला परत ताटलीत ठेवला. म्हणाला, “नाय गो.” मग माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मला हायसं वाटलं. एवढंच. मी आत जाऊन भाजी फोडणीला टाकली.

मामी शेंगांकडे बघतच सांगत होती. “त्या दिसापासनं तुझ्या घरचं पानी नाय पियाला तो. तुझ्याकडनं यायचा तो दारातच उभा राहून दोन तांबे घटाघटा पियाचा. मी बोलायची, वंदूनं पानी नाय दिलं का? तर बोलायचा, दिलं गो, ती देते, मलाच नको होतं.” मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “रागावला नव्हता तो. रागावला असता तर गेलाच नसता.”

मी तेव्हापासून आठवतेय. किती रविवार झाले असतील... मुलीची दहावी, बारावी, तिचं लग्न, सगळ्यातून तो येत राहिला. मे महिन्यातसुद्धा, विरारला बस सोडून, पूल चढून उतरून, डोक्यावर रुमाल टाकून. मी दर वेळी विचारायचे, पाणी? “आत्ताच पियालो.” चहा? “पोट बरं नाय.” सरबत? “आज उपास हाय.” आणि मी, जी साहेबाच्या एका वाक्यातली लबाडी क्षणात पकडते, मी एवढ्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही की मामा, बोळिंजमध्ये तुला तहान कशी लागत नाही रे? म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, असं म्हणून पेला आत नेऊन ओतून टाकायचे. तो दारालगतच्या खुर्चीत बसायचा. पंख्याखाली जागा असली तरी तिथेच. पिशवी रिकामी करायचा, सगळ्यांची चौकशी करायचा, आणि उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा. न चुकता.

काल रविवार होता. ती खुर्ची मी उगाचच पुसली.

सफारीवाल्याकडे मी एक ओळ लेखी मागितली आणि त्याने दिली नाही. माझ्याकडे कुणी मागितलेली नाही, मामीनेसुद्धा नाही. पण माझा आरोपही तोंडीच होता, आणि तो त्या खोलीतल्या माणसांच्या आरोपापेक्षा मामाला जास्त लागला असणार, कारण त्यांच्याकडचं पाणी सोडायची त्याला गरज पडली नव्हती. म्हणून लिहून देते. माझा मामा हिरामण, राहणार चांदीप, याने कुणाकडूनही काहीही घेतलं नव्हतं. हे मला त्या रविवारीही माहीत होतं, आणि तरी मी विचारलं.